चेन्नियप्पनची बादली

तिरुप्पूरला आमच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, चेन्नियप्पन बावीस वर्षं मास्तर होता. एवढ्या वर्षांत त्याने एकच गोष्ट मन लावून शिकून घेतली: तपासायला कोण आणि कधी येतं. कापडाला रंग बसायचा तो हाताखालच्या बायकांच्या जिवावर. शाबासकी घ्यायला मात्र हा पांढरीशुभ्र वेष्टी नेसून पुढे.

मी, पूंगोडी, तिथे लॅबमध्ये होते. परदेशी गिऱ्हाइकांनी हट्ट धरला म्हणून मालकाने बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपात मीटर बसवला. पाण्यात क्षार किती, ते माझ्या पडद्यावर दिसायचं आणि तिकडे सरकारी कार्यालयातही. हद्दीत असेल तर हिरवं, नाहीतर लाल. त्या आकड्यांवरूनच मला कळलं, की रंग धरायला लागतं ते मीठ चार नंबरचं मशीन गरजेच्या दुप्पट खातंय. झडप बदलली, मीठ निम्म्यावर आलं. चेन्नियप्पन सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, पूंगोडीला आता डबडं मीठ घालायला शिकवतंय. सांबाराला पण घरी घेऊन जा हो अक्का!" सगळे हसले. हसणाऱ्यांचाही मला रागच आला.

पाणी शुद्ध करणारा प्लांट वीज फार खातो, म्हणून हा गृहस्थ रोज पहाटे तो बंद करायचा आणि रंगाचं पाणी सरळ ओढ्यात सोडायचा. मीटर बसल्यावरही त्याने तेच केलं आणि दोनदा पकडला गेला. कार्यालयाचं पत्र आलं: महिन्याभरात तिसऱ्यांदा लाल दिसलं, तर डाइंगला सील. साठ माणसं घरी बसणार होती. प्लांट चालू ठेवायचा, एवढंच काम. पण सरळ काम करेल तर तो चेन्नियप्पन कसला!

त्याने बादलीची युक्ती काढली. मीटरची दांडी पाइपातून उपसायची, स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि प्लांट खुशाल बंद ठेवायचा. एका सकाळी स्कूटरवर दोन घागरी घेऊन तो आला.

"अण्णा, प्लांट चालू करा. साठ घरांचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"तू आकडे बघ गं. माझ्या बापाने खणलेल्या विहिरीचं पाणी आणलंय. नारळपाणी आहे नारळपाणी! तुझं मशीन लाजेल."

त्याचं घर त्याच ओढ्याच्या काठी, आमच्या खालच्या अंगाला. हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. बावीस वर्षांत आलं नव्हतं, तेव्हा कसं येणार?

दांडी बादलीत गेली आणि पडदा लाल झाला.

"मीटर बिघडलाय! धू तो!"

मी धुतला, पुसला, पुन्हा बुडवला. पुन्हा लाल. मग त्याला न विचारता प्लांट चालू केला आणि तासाभराने दांडी प्लांटमधून निघालेल्या पाण्यात धरली. हिरवं.

"अण्णा, आपलं धुतलेलं सांडपाणी तुमच्या विहिरीपेक्षा गोड निघालं," मी म्हटलं. हे बोलताना मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"तरीच बायको वर्षभर म्हणतेय, डाळ शिजत नाही," तो पुटपुटला.

तिसरं लाल तोवर कार्यालयात पोचलं होतं. दुपारी माणसं आली, सगळ्यांना बाहेर काढलं, गेटला सील लावलं. बायका डबे घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या आणि हा भिंतीआड घरी फोन करत होता. मुलगी बाळंतपणाला आलेली होती त्याची.

"अगं, आपल्या विहिरीत मांजर मरून पडलंय. हो, सकाळी पाहिलं मी. पाण्याचे कॅन मागव. पोरीला त्यातलं थेंबभरही देऊ नकोस."

फोन ठेवल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ओढ्याकाठच्या बाकीच्या घरांना पण सांगा, अण्णा. त्यांच्याही विहिरी आहेत."

त्याने वेष्टी झटकली. "त्यांच्या विहिरीत कुठे मांजर पडलंय?"