लेकीच्या समुद्राची ओहोटी

लेक तीन वर्षं ज्या गेमवर राबत होती तो गेम आला, आणि मी तो खेळायचा ठरवला. ठरवला म्हणजे ठरवलाच. गणपतीत ती घरी आली तेव्हा मी म्हणून गेले होते, "एवढं शिकून सवरून शेवटी खेळणीच करतेस?" ती एवढंच म्हणाली, "आधी खेळून बघ आई, मग बोल." तेव्हापासून तिचा फोन यायचा तो वडलांना. माझ्या वाट्याला "बरी आहेस ना?" आणि खटकन बंद. चूक माझीच होती. पण ते तोंडानं कबूल करीन तर बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई कसली मी!

तिचाच जुना लॅपटॉप काढला. किहीमच्या आमच्या वाडीत दुपारी जेवणं आटपली की ओटीवर बसायचं, असा नेम केला. सुरुवातीलाच आपण कोण व्हायचं ते विचारतात. योद्धा, चोर, जादूगार, वैदू. मी वैदू झाले. नाक हवं तसं बदलायची सोय होती, मी आपलं माझंच ठेवलं. पुढं चार पावलं टाकते तोच रानडुक्कर अंगावर आलं. मेले. उठले, परत मेले. झोपाळ्यावरून आमचे हे विचारतात कसे, "अगं, आज कितीदा गेलीस?" म्हटलं, "तुम्ही आपले नारळ मोजा." वाडीतली माकडं हाकण्यात जन्म गेला माझा, ते डुक्कर मला काय भीती घालणार? बाराव्या खेपेला लोळवलं त्याला आणि केवढ्यांदा तरी ओरडले. मजा आली हो! खरंच आली. तेव्हा मला स्वतःचाच फार राग आला, की पोरीला आपण काय बोलून बसलो.

चौथ्या दिवशी समुद्र लागला. काळे खडक, पुळणीवर आडवा झालेला माड, आणि बेटावर दीपस्तंभ. आमचाच किनारा की हा! दीपस्तंभावरच्या आजारी म्हाताऱ्याला औषध पोचवायचं होतं. बेटापर्यंत दगडी वाट होती, पण पाण्याखाली. आता आम्ही इथली माणसं अशा वाटेवर काय करतो? ओहोटीला थांबतो. मी वर बघितलं, चंद्र अर्धा. म्हणजे अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडं कुणीही सांगेल. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. बसले खडकावर.

गेममधले बारा वाजले, पाणी हलेना. बरं, नवमीला बघू, पाऊण तास पुढं. तरी नाही. दशमीलाही नाही. तिथला एक दिवस आपल्या पाऊण तासाचा, म्हणजे मी सव्वादोन तास नुसती पाण्याकडं बघत होते. हे म्हणाले, "सोड आता, चहा टाक." म्हटलं, "तुम्हीच टाका, मी हलणार नाही."

शेवटी रागारागानं लेकीला मेसेज केला, "तुझ्या समुद्राला ओहोटीच नाही. औषध कसं पोचवू?"

मिनिटभरात फोन. माझ्या फोनवर.

"आई, तू खेळतेस?"

"मग काय भजन करतेय? दीपस्तंभासमोर बसलेय तीन दिवस."

"अगं, डावीकडं खडकामागं होडी आहे!"

"पाण्याखाली वाट दिसत असताना होडी कोण शोधतं?"

मला वाटलं, झालं, परत काही तरी लागेलसं बोलले मी.

"तो किनारा मी केलाय आई," ती म्हणाली. "ओहोटी ठेवली होती. तिथीवर चालणारी, बरोबर पाऊणपटीची. वरच्यांनी काढायला लावली. म्हणाले, पाणी उतरायची वाट बघत कोण बसणारे? वाट पुसायची तेवढी राहून गेली."

गणपतीतलं ते वाक्य मागं घ्यायचं होतं, माफी मागायची होती. ते सगळं नंतर बोलले, तास दीड तास. तेव्हा तोंडातून निघालं ते एवढंच, "त्यांना म्हणावं, माझी आई बसली होती."