कॅमेऱ्याने पाहिलेली रुपली

तव्यावर कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर होती, चहा उतू जायच्या बेतात होता, आणि दार वाजलं. बेल नाही, नुसती टकटक. उघडलं तर रुपली.

रुपली आमच्याकडे कामाला येते. आमच्या घराची किल्ली तिच्याकडेच असते. रोज ती स्वतः दार उघडते, "ताई, मी शे," म्हणते आणि सरळ मोरीकडे जाते. तिला दार वाजवताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

"अगं, वाजवतेस काय?"

"तुमनी चावी, ताई. ल्या." तिने किल्ली पुढे केली. आत आली नाही.

मी आदल्या दिवशीच जळगावहून, माहेरून परतले होते. अपार्टमेंटच्या ग्रुपवरचे मेसेज तसेच पडून होते. रुपलीने सांगितलं तेव्हा फोन उघडला. सेक्रेटरी तोताराम नानांनी टाकलं होतं, 'सावधान. हेमलताताईंच्या घरातून कानबाई देवीची सोन्याची नथ चोरीस गेली आहे. गेटच्या कॅमेऱ्यात सर्व आले आहे. या बाईस कोणीही कामावर ठेवू नये.' खाली रुपलीचा फोटो. झेंडावंदनाला ती सगळ्यांना जिलबी वाटत होती, तेव्हाचा. हस गं, असं आम्हीच तिला म्हटलं होतं.

"बठ्ठा घर सुटी ग्यात, ताई," ती म्हणाली. सगळीच घरं सुटली होती. "शेजारली बिल्डिंगवाल्या बी म्हनतस, येऊ नको."

साक्रीच्या वरच्या डोंगरातलं तिचं गाव. पावसावरची शेती, ती पिकली तर पिकली. म्हणून ती आणि तिचा नवरा बादल धुळ्यात आले. तो बांधकामावर, ही घरकामाला. हेमलताकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू दरवर्षी हीच निवडते, एकेक खडा काढून. आणि त्याच घरात आता ही चोर.

"कॅमेऱ्यात काय दिसलं, ते तुला दाखवलं का?"

"मी म्हन्तं, नाना, माले दाखाडा. नाना म्हने, ते उघडत नही. मी परत म्हन्तं. तवय त्यासनी हाई फेकी दिन्हं. म्हने, तुले येवढी हौस शे ना, मंग तूच चालाडी दाखाड." तिने पदराची गाठ सोडली. आत पेन ड्राइव्ह.

"म्हणजे कोणी पाहिलंच नाही?"

"कोन्हीच नही."

भाकर करपली. मी गॅस बंद केला. कोणी न पाहिलेल्या पुराव्यावर एका बाईचा फोटो साऱ्या कॉलनीत फिरतोय, आणि हे दोन दिवस लोक त्याखाली हात जोडून 'धन्यवाद नाना' लिहितायत.

मी तिला खुर्चीवर बसवलं. ती खाली बसायला लागली तशी दंडाला धरून वर बसवलं.

कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या प्लेअरने फाइल ओळखलीच नाही. कॅमेऱ्याचं मशीन स्वतःच्याच तऱ्हेची फाइल बनवतं, एवढं मला समजलं. मग फुकटचा प्लेअर शोधायला लागले. फुकट लिहिलेलं पुष्कळ. पहिल्या पानावर डाउनलोडची चार हिरवी बटणं, त्यातलं खरं कुठलं ते देव जाणे. मागे असंच एक दाबलं होतं, तर कॉम्प्युटर महिनाभर रमीच्या जाहिराती दाखवत होता. ते पान बंद केलं. दुसऱ्याने आधी मोबाइल नंबर मागितला. व्हिडिओ बघायला माझा नंबर कशाला? तोही काढून टाकला. तिसरा मुकाट्याने इन्स्टॉल झाला, पण फाइलचा थोडाच भाग दाखवला आणि मधोमध स्वतःचं नाव छापून बसला.

"ताई, राहू द्या," रुपली म्हणाली.

"तू गप्प बस."

शेवटी ज्याचं चिन्ह रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू, तो प्लेअर घेतला, त्याच्या मूळ ठिकाणाहून. ना जाहिरात, ना नंबर. आधी नुसता काळा पडदा. फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट बदलून पाहिलं, आणि आमचं गेट दिसलं.

कानबाई श्रावणातल्या रविवारी नारळाच्या रूपात बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. हेमलताकडचा नारळ पिढीजात, तो परत घरी येतो. फुलं-पानं तेवढी पांझरेत सोडतात. दागिने घरीच उतरवून ठेवायचे, मग पाट उचलायचा, ही त्यांची रीत.

पडद्यावर हेमलता डोक्यावर पाट घेऊन गेटमधून निघाली. फोटोसाठी कॅमेऱ्याखालीच थांबली, मान वर करून हसली. मी चित्र तिथेच थांबवलं. नारळावर नथ होती. चांगली टपोरी, मोत्यांसकट. पाहुण्यांना दिसावी म्हणून उतरवलीच नव्हती. पुढे ती नदीवरून परत आली, तेव्हा नारळावर ना हार होते, ना नथ; नथ गेली नदीत, झेंडूच्या हारांबरोबर.

मग बऱ्याच वेळाने गेटमधून आत आली ती रुपली, चप्पल हातात घेऊन, कारण पायरीवर कुंकवाचा सडा होता.

रुपलीने पदर डोळ्यांना लावला, एवढंच.

मी पडद्यावरचं सगळं माझ्या फोनमध्ये टिपून घेतलं आणि तिला घेऊन नानांकडे गेले. हेमलतालाही तिथेच बोलावलं. दोघांनी पाहिलं. हेमलताने परत एकदा पाहिलं.

"अय्या, मी उतरवली होती असंच वाटलं मला," ती म्हणाली. "एवढ्या गडबडीत कुठे लक्षात राहतं."

"चला, उलगडा झाला," नाना हसले. "रुपली, उद्यापासून ये कामाला. झालं गेलं विसरून जा."

"आणि ग्रुपवर?" मी विचारलं.

"आता परत कशाला, वहिनी? घरातली गोष्ट. ताईंचं उगीच हसं होईल."

"हिचं झालं ते?"

"तुम्ही फार मनावर घेता."

"तुम्ही न पाहता लिहिलंत, नाना. आता पाहून लिहा."

"अहो, फाइल उघडत नव्हती, मी काय करणार?"

"गप्प बसता आलं असतं."

हेमलता म्हणाली, "जाऊ द्या हो. रुपली, तुला मी एक चांगली साडी देते. कोरी."

नानांनी मान डोलावली, जणू हिशेब मिटला. माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण रुपली पुढे झाली. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत.

"साडी नको, ताई," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवत नानांकडे पाहिलं. "नाना, मना फोटू जठे टाका, तठेच हाई बी टाका."