पत्रिका कुणाकडं छापायच्या

लातुरात आमचं वह्या-पेनांचं छोटं दुकान. लग्नपत्रिकांच्या ऑर्डरीही घ्यायच्या असं मी ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न छापखान्याचा आला. आमचे हे शाळेत मराठी शिकवतात. किराण्याच्या यादीतलेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासतात आणि मगच पिशवी उचलतात. म्हणाले, "मजकूर मी बघतो, तू फक्त छापणारा शोध."

छापणारे दोन सापडले. एक आमच्याच गावातला, एसीत बसणारा. काहीही विचारा, "होऊन जाईल मॅडम." दुसरा नांदेडचा, पाहुण्यांपैकी कुणीतरी सुचवलेला. पत्रिका कुणाची, मजकूर कुणी लिहिला, कागद किती जाड, एवढ्या चौकशा करायचा की मला वाटे, हा पत्रिका छापणार आहे की सोयरीक जुळवून राहिलाय. माझा पारा तसाही लवकर चढतो. "नको तो नांदेडवाला," मी म्हटलं. ह्यांनी तोडगा काढला. पहिल्या पत्रिकेचा मजकूर दोघांनाही पाठवायचा, ज्याचा नमुना चांगला त्याला काम.

पहिली पत्रिका आमच्या गल्लीतल्या सिस्टरच्या मुलीची. सरकारी दवाखान्यात नर्स असल्यानं सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले, लग्नाचं सगळं त्या एकट्या बघत होत्या. मजकूर स्वतःच्या हातानं लिहून आणला आणि म्हणाल्या, "वहिनी, बाकी काही मागंपुढं झालं तरी चालंल. ह्यांचं नाव तेवढं नीट येऊ द्या."

आमच्या ह्यांनी लाल पेन काढलं. वधूच्या वडिलांच्या नावाआधी 'कालकथित' असं लिहिलेलं. "काल कथित? म्हणजे काल सांगितलेलं? काहीतरीच," असं पुटपुटत त्यांनी ते खोडलं आणि वर 'कै.' लिहिलं. मी ते स्वच्छ टाईप करून दोन्हीकडं पाठवलं.

गावातला नमुना दुसऱ्याच दिवशी हजर. सोनेरी अक्षरं, गुळगुळीत कागद, आणि वर कुणीही न मागितलेला गणपती. गणपती काढायला सांगू, असं हे म्हणाले, पण एकूण खूश होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती ना.

नांदेडहून नमुना आला नाही, फोन आला. "मॅडम, वर 'मंगल परिणय' हाय, पोरीला 'आयुष्मती' हाय, अन बापालाच 'कै.' कसं काय? बौद्ध घरची पत्रिका दिसून राहिली. त्यांच्यात गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. तुम्ही कैलास कुठून आणला? त्यांच्या हातचा कागद पाठवा."

"आमचे हे मराठीचे शिक्षक आहेत," मी ठसक्यात सांगितलं.

"असतील. कागद पाठवा."

मी कागद काढला. सिस्टरच्या टपोऱ्या अक्षरातल्या त्या एका शब्दावर आमची लाल रेघ होती. पंधरा वर्षं आम्ही एका गल्लीत राहतो. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर मी वाटी भरून खाते, आजारपणात त्यांनी मला घरी येऊन सलाईन लावलंय, आणि हा शब्द मला ठाऊक नव्हता. फार लाज वाटली. ह्यांनी शब्दकोश काढला, चष्मा पुसला आणि न उघडताच तो परत जागेवर ठेवला.

मी कागदाचा फोटो पाठवला आणि संध्याकाळपर्यंत नांदेडचा नमुना मोबाईलवर आला. साधी निळी अक्षरं, आणि शब्द जागेवर. सिस्टर दुकानात आल्या तेव्हा ह्यांनीच मोबाईल पुढं केला. "सिस्टर, तुमचा शब्द मी खोडला होता. मला तो माहीतच नव्हता." इतकं साधं वाक्य ह्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

सिस्टरनी अक्षरं बोटांनी मोठी केली. बराच वेळ त्या एकाच ओळीवर थांबल्या.

"हे गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या कार्डावर पण 'कै.' छापून आलं होतं," त्या म्हणाल्या. "तवा भांडायचं बळ नव्हतं माझ्यात. कार्डं तशीच वाटून टाकली."

मग मोबाईल ह्यांच्या हातात परत देत म्हणाल्या, "आता छापा, सर."

मी त्यांच्यासमोरच नांदेडला फोन लावला.