पूजेने मुकी झालेली अक्षरे

वाग्देवतेला वंदन करून, मधुकरच्या निधनानंतर पाच आठवड्यांनी हे लिहीत आहे. त्याची मुलगी मैत्रेयी हिने फोनवर बातमी दिली, तेव्हा माझ्या मनात दुःखाआधी राग उभा राहिला... तो अद्याप पुरता ओसरलेला नाही.

नागपूरचा मधुकर इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठ ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करी. लाकडी ठशांनी छापलेल्या एका प्राचीन चिनी बौद्ध सूत्राची प्रतिकृती त्यानेच मला दाखवली. कोणा पुत्राने आईवडिलांच्या पुण्यासाठी ते छापवून सर्वांना विनामूल्य वाटले होते. "शास्त्रीबुवा, छपाई वाढली ती वाटण्यासाठी," तो म्हणे. त्या सूत्राचे एक पान त्याने हिवाळाभर खपून एका फळीवर मूळ संस्कृतात, देवनागरी लिपीत उलटे कोरले. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मुलांनी त्यावरून छापावे, म्हणून फळी माझ्या घरी ठेवली.

मी ती देवघरात ठेवली. तेल, गंध, कुंकू, रोज एक फूल. शास्त्राची अक्षरे घरी आल्यावर दुसरे काय करायचे असते? महिन्याने मधुकरने शाई लावून पाहिली. खाचांत कुंकवाचा लगदा वाळला होता. कागदावर नुसता काळा डाग उमटला.

"पूजा करून तोंड दाबलंत त्याचं. आमच्या आजोबांना तुमच्या लोकांनी संस्कृतचा शब्द ऐकू दिला नाही. आता मी तो वाटायला आणला, तर तुम्ही त्याचा देव करून कोंडलात."

"पूजेची रीत तुला काय ठाऊक?" मी म्हणालो.

फळी न उचलताच तो गेला. पुढे चार वर्षे आम्ही बोललो नाही. शास्त्रीबुवांनी बुद्धाला शेंदूर फासला, असे त्याने गावभर सांगितले. मी मंडळात त्याचा कार्यक्रम कायमचा रद्द करवला. हे लपवणे खोटेपणाचे होईल.

शोकसभेनंतर मैत्रेयीने विचारले, "काका, ती फळी... डझ इट स्टिल प्रिंट? बाबा म्हणायचे, मागू नकोस. दिली तर घे."

तीन सकाळी बसून मऊ ब्रशने मी खाचा मोकळ्या केल्या. तरीही मधल्या दोन ओळी उमटत नाहीत. तेथे तेल मुरले आहे. रविवारी मैत्रेयीने काही मुले आणली. माझ्याच टेबलावर त्यांनी पाने छापली.

"व्हॉट गोज हियर?" एका मुलीने कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

त्या दोन ओळी मी म्हटल्या. सावकाश, पुन्हा पुन्हा. मुलांनी त्या पेन्सिलीने लिहून घेतल्या. मधुकरच्या बोलण्याला क्षमा करणे मला अजून जमलेले नाही, आणि माझ्या त्या एका वाक्याची क्षमा मागावी तर तो नाही... आता दर रविवारी मी त्या दोन ओळी म्हणतो.

वाचकहो, आपल्या घरातील ग्रंथ उघडे राहोत, आणि ते मागणारा कोणीही आपल्या दारातून विन्मुख न जावो. आपले व आपल्या कुटुंबाचे कल्याण असो.