नव्वदच्या वेगाला

माझे मामा दिगंबर साठे यांचे सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, फरीदाबादच्या राहत्या घरी निधन झाले. वय अठ्ठ्याहत्तर. बातमी मला नोएडातल्या ऑफिसात, सकाळच्या मीटिंगमध्ये मिळाली. फोनवर मामी एवढेच म्हणाली, "चहा ठेवला होता रे... घेतला नाही."

मामा केंद्र सरकारच्या एका खात्यात मेकॅनिकल इंजिनिअर होते. निवृत्तीपर्यंत दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. साताऱ्याहून परीक्षेच्या तयारीसाठी आलो तेव्हा पहिले वर्ष मीही तिथेच होतो. रविवारी सकाळी खाली कुणा ना कुणा शेजाऱ्याची बिघडलेली गाडी उभी असे. मामा तिचे बॉनेट उघडू देत नसत. आधी मालकासोबत एक चक्कर मारायची, त्याला प्रश्न विचारायचे, आणि मागच्या सीटवर बसून मामीने उत्तरे वहीत लिहायची, असा क्रम होता. "सोचकर बताइए साहब, ब्रेक लगाने पर, या वैसे ही?" मामी हिंदीतले उत्तर मराठीत लिहून घेई. वही कशाला, असे मी एकदा विचारले होते. "गॅरेजपर्यंत पोचताना माणूस आपलं म्हणणं बदलतो," मामा म्हणाले. "लिहिलेलं बदलत नाही."

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, मग डावाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असे सांगितले. मामीने किल्ली देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आणि पुढे गाडी विकली. शेजारीही गाड्या दाखवायला येईनासे झाले. वही मात्र टीव्हीखालच्या कप्प्यात तशीच होती.

गेल्या दसऱ्यानंतर माझ्या गाडीचे स्टिअरिंग हलू लागले. शहरात काही नाही; एक्स्प्रेसवेवर नव्वदच्या आसपास हाताला मुंग्या याव्यात तसे. एका गॅरेजने पुढच्या चाकांजवळची रबरे बदलली, दुसऱ्याने स्टिअरिंगचा पूर्ण भाग बदला म्हणून सांगितले. मी फरीदाबादला गेलो तेव्हा सहज विषय निघाला. मामा उठून चपला शोधू लागले. मामीने वही घेतली.

आग्र्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवर, सकाळी दहाच्या सुमारास, मी गाडी नव्वदवर नेली. शेजारी बसलेल्या मामांनी डावीकडून हात लांबवून स्टिअरिंगवर ठेवला. काही सेकंद ठेवला आणि काढून घेतला.

"हे गाडीचं की माझं... कळत नाहीये," ते म्हणाले.

मागे मामीने वहीचे नवे पान उघडले. मग मामा म्हणाले, "अच्छा. तू सांग. हात तुझे, प्रश्न माझे."

साठला काही नाही. ऐंशीला सुरुवात. नव्वदला सर्वात जास्त. शंभरजवळ कमी. ब्रेक लावल्यावर वाढत नाही. थरथर हातात आहे, सीटमध्ये नाही. मामी लिहीत होती. ब्रेक लावताना वाढत नाही, म्हणजे ब्रेकच्या चकत्या ठीक असाव्यात. ठरावीक वेगालाच येते, म्हणजे चाकांचा तोल गेला असावा. हातात येते, म्हणजे पुढची चाके. मामांनी हे शाळेत गणित समजवावे तसे सांगितले. "पण हा अंदाज झाला. सिद्ध कर." पंक्चरवाल्याकडे पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून घेतली. पुन्हा नव्वद. माझे हात स्थिर होते.

"अहो, आता मला हलवतंय!" मागून मामी ओरडली.

"बिल्कुल!" मामा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "लिही ते."

गाडी बाजूला घेतल्यावर त्यांनी विचारले, "दसऱ्याला काय केलंस?" पूजेसाठी गाडी धुतली होती. चाकांच्या रिंगा आतून तारेच्या ब्रशने घासल्या होत्या. पुढच्या दोन्ही चाकांच्या आत राखाडी पट्ट्या चिकटलेल्या होत्या. जुना चिखल समजून स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढल्या, असे मी सांगितले. मामा माझ्याकडे वळले.

"अरे गाढवा, ती शिशाची वजनं! चाकाचा तोल त्यांच्यावर असतो. भक्तीपोटी तोल घालवलास."

"आणि वर झेंडूचा हार घातला असेल," मामी म्हणाली. घातला होता.

संध्याकाळी चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. परतताना थरथर नव्हती. "डोकं अजून चालतंय म्हणायचं," मामी म्हणाली. "तुला हे आधी कधी मान्य होतं?" मामांनी विचारले. नंतरच्या महिन्यांत शेजारच्या दोघांच्या गाड्या मामांनी याच पद्धतीने पाहिल्या. हात त्यांचे, प्रश्न मामांचे. वहीत दोन्ही नोंदी आहेत.

मामांच्या अस्थी हरिद्वारला माझ्याच गाडीतून नेल्या. कलश पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधला. मामी सवयीने मागे बसली. मेरठच्या रस्त्यावर गाडी वेगात आल्यावर तिने पिशवीतून वही काढली आणि विचारले, "किती?"

"नव्वद."

"हातात?"

"काही नाही."

तिने वेग, वार आणि उत्तर लिहिले. वहीतली ती शेवटची नोंद आहे.