बारकीचा दुसरा डोळा

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी तपासण्याचं काम करतात. धुऊन वाळलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, उजेडासमोर ताणायची, डाग राहिला असेल तर परत टाकायची, नसेल तर घडी घालायची. दिवसभर हात वर. घरी आल्या की चपलासुद्धा न काढता खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "मला आता कुणी काही विचारू नका." नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, तिला सगळे बारकी म्हणतात. ती आता माझ्याहून हातभर उंच आहे, तरी बारकीच.

आक्कांच्या नजरेतून डाग सुटायचे. मुकादमीण चारचौघींत बोलायची, "आक्का, डोळे घरी ठेवून येता का?" आक्का निमूट घडी उलगडायच्या. मला म्हणायच्या, "अगं, माझं मेलीचं लक्षच नसतं. लहानपणापासून वेंधळी मी."

बारकीला कॉलेजात फळा दिसेनासा झाला तेव्हा आधी चष्मा लागला. मग दर खेपेला नंबर वेगळा. शेवटी डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. आक्कांबरोबर मीही गेले, कारण डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या एकटीच्या डोक्यात राहत नाही. यंत्राने डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. मधोमध लाल डाग. आजाराचं नाव केराटोकोनस. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सावकाश समजावून सांगत. "आधी डोळे चोळणं बंद. चोळल्याने हे वाढतं." बारकी त्या क्षणीही चोळतच होती. तिने गुपचूप हात मांडीखाली घातला. "चष्म्याने भागेनासं झालं की कडक लेन्स. काहींना पडद्यात बारीक कड्या बसवतो. फारच बिघडलं तर कुणी दान केलेल्या डोळ्याचा पडदा लावावा लागतो. तिथवर जाऊ नये म्हणून आत्ता क्रॉसलिंकिंग करू. वरची पातळ साय खरवडून थेंब घालायचे, वर विशिष्ट प्रकाश सोडायचा. पडदा कडक होतो आणि आजार थांबतो. गेलेली नजर मात्र त्याने परत येत नाही."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. बारकीने नाही ऐकलं.

आधी जास्त बिघडलेला डोळा केला. नंतर ती पोरगी उशीत तोंड खुपसून पडून होती. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, उजेड सोसेना. आक्का कामावरून येऊन तशाच तिच्या उशाशी बसत. मी आपली मनातल्या मनात देवाचं नाव घेत असे, दुसरं हातात काय होतं? डोळा बरा झाला, जखमेवर पट्टीसारखी बसवलेली लेन्स निघाली. बारकीने खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला घेतली आणि वाचता आली नाही.

"एवढं सोसलं आणि दिसतंय तेवढंच!" ती ओरडली. "दुसरा डोळा मी मुळीच करणार नाही."

"अगं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं—"

"तू गप्प बस, आई. तुझा डोळा खरवडलाय का कुणी?"

पुढच्या तपासणीत त्या दुसऱ्या डोळ्यातला लाल डाग पसरलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, अजून थांबलात तर पडदा इतका पातळ होईल की हा उपचारही करता येणार नाही. बारकी भिंतीकडे बघत राहिली. आक्का खुर्चीत खचल्यासारख्या बसल्या. ओरडायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

"घरात आणखी कुणाला आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. कुणाला नाही."

"दिव्याकडे बघताना तुम्हाला कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? शेपटीवाला. सगळ्यांना दिसतो तसा."

बारकीने मान वळवली. "मामी, तुला दिसते शेपटी?"

"नाही गं. दिवा दिव्यासारखा दिसतो."

"काहीतरीच तुमचं," आक्का म्हणाल्या. पण यंत्रासमोर बसवलं तर दोन्ही डोळ्यांत तोच लाल डाग निघाला. जुना, वयाबरोबर जागच्या जागी थांबलेला. त्यांना प्रकाशाच्या उपचाराची गरज नव्हती. मोठी लेन्स लावली तर मात्र पुष्कळ साफ दिसेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आक्कांनी नकाशावरच्या लाल डागाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वेंधळी नव्हते मी." त्यात आनंद नव्हता. इतकी वर्षं खाल्लेली बोलणी आता कुणाला परत करणार? "जाऊ दे. मला काय करायचीये लेन्स. पोरीचं बघा."

"का नाही करायची?" बारकी एकदम उठली. "तू लेन्स लाव. मग मी डोळा करते."

"हा काय बाजार आहे?"

"हो, बाजारच. बोल."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आक्का, हो म्हणा. देवाने पोरीच्या तोंडून वदवलंय."

"देवाला दुसरी कामं नाहीत," त्या पुटपुटल्या, पण हो म्हणाल्या.

ती लेन्स म्हणजे लहानशी वाटीच. त्यात मिठाचं पाणी भरायचं, रबरी दांडीवर बसवायची, मान खाली घालून डोळा तिच्यावर टेकवायचा. आक्का डोळा मिटायच्या. पाणी सांडायचं.

"उघडा ठेव गं आई! माशी बसतेय का डोळ्यावर?"

"मला भीती वाटते."

"मग मला नाही वाटत का?" बारकी म्हणाली. आक्कांनी वाटीत पुन्हा पाणी भरलं.

आक्कांना लेन्स जमली त्याच आठवड्यात बारकी दुसऱ्या डोळ्यासाठी आत गेली. पुन्हा उशी, पुन्हा धारा, पुन्हा बंद पडदे. तक्रार मात्र या वेळी कमी होती, किंवा आम्हीच थकलो होतो.

काही महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी लावला.

"आहे तसाच आहे."

"म्हणजे?" आक्कांनी विचारलं.

"म्हणजे वाढलेला नाही. दोन्ही डोळ्यांत."

"बस, इतकंच?" बारकी म्हणाली, पण हसली. तिच्याही लेन्सचं माप घ्यायचं ठरलं.

बाहेर आल्यावर आक्का बाकावर बसल्या, डोकं भिंतीला टेकवून त्यांनी डोळे मिटले.

"आई, लेन्स घालून झोपायचं नाही."

"झोपत नाहीये. जरा बसू दे."

बारकी त्यांच्या शेजारी बसली. मीही बसले. घरी जायची घाई कुणालाच नव्हती.