लांबी भरलेलं दार

फौजेतल्या पहिल्या पोस्टिंगला मी आणि माझा गावचा जोडीदार देवानंद उमरेडकडच्या छोट्या, नॅरोगेज लाइनवरच्या बोरटेक स्टेशनातून निघालो. सकाळी ७.१० ची गाडी. माझं बी.ए. याच गाडीने झालं. घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजला उशीर झाला की स्टेशनमास्तर गाडी मिनिटभर थांबवत. ते उपकार आजही आठवतात.

त्यांचा एक नियम होता. फौजेत जाणाऱ्याने तिकीटघराच्या दारावर खिळ्याने नाव कोरायचं. पहिल्या सुट्टीवर आला की त्याने स्वतः त्यावर रेघ मारायची. म्हणजे माणूस घरी आला.

देवानंदच्या नावावर रेघ पडली नाही. गस्तीवर तो पुढच्या तुकडीत, दोन नंबरच्या सेक्शनमध्ये होता. सकाळी ५.४० ला मी रेडिओवर विचारलं, “टू, लोकेशन?”

“नाल्याजवळ. ओव्हर.”

मग गोळीबार. मी पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. तो गावी आला तो तिरंग्यात, फौजेच्या ट्रकने. स्टेशनवर उतरलाच नाही.

पुढे छोटी लाइन बंद झाली. स्टेशन पाडायचं ठरलं, तेव्हा मी दारासाठी अर्ज केला. एक ऑफिस म्हणे, स्टेशन बंद आहे, अर्ज घेता येत नाही. दुसरं म्हणे, रेकॉर्डवर चालू आहे, दार देता येत नाही. चौथ्या अर्जावर सही मिळाली.

पाडायच्या दिवशी सकाळी नऊला देवानंदच्या आईला घेऊन पोहोचलो. दार हिरवंगार चमकत होतं.

“काहून रंगवलं?” मी सरपंचांना विचारलं.

“तुम्ही येऊन राहिले म्हणून जी! लय खरचटलं होतं दार. लांबीची पुट्टी भरून एकदम सपाट केलं.”

“ती नावं होती!”

“मंग आधी सांगाचं न जी.”

बाहेर जेसीबीवाला हॉर्न मारत होता. मी खिळा घेतला आणि लांबी उकरत बसलो. आधी माझं नाव निघालं, रेघेसकट. मग देवानंदचं.

आईने त्यावर बोट फिरवलं. “याच्यावर रेघ काहून नाही गा?”

“नियमाने त्यानंच मारायची होती, माय.”

“घरी तर आला न तो? किती दिवस बाहेर ठेवशील त्याले? तू जोडीदार त्याचा. मार.”

९.५५ ला मी रेघ मारली. शिपाई देवानंद हजर.